आप्पांची पाय-हजेरी

शहाद्यात खोली शोधत फिरले तेव्हा पहिल्या घरात मला आडनाव विचारलं, दुसऱ्या घरात गाव विचारलं, आणि दोन्ही घरांतली खोली नेमकी कालच गेलेली होती. तिसऱ्या घराच्या ओट्यावर लुंगी-बनियनमधले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पोलीस भरतीची तयारी कुठल्या अकॅडमीत करणार तेही विचारलं नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "चप्पल काढ. पाय दखाड."

म्हातारा जरा सटकलेला दिसतो, असं मला वाटलं. पण दुपारचे दोन वाजून गेले होते, डोक्यावर पत्र्याची पेटी होती, आणि संध्याकाळची धडगावची गाडी धरून मला परत जायचं नव्हतं. मी पाय पुढे केला. त्यांनी वाकून दहाही बोटं नीट बघितली आणि उजव्या अंगठ्यापाशी थांबले.

"नख कोनी कापं?"

"मीच."

"कसाघाई कापं?"

"ब्लेडनं."

"नापास," ते म्हणाले. मग आत तोंड करून बायकोला हाक मारली, "ओ, वरली खोलीनी किल्ली दे वं. पोर ऱ्हाई ऱ्हायनी आपलाकडे."

अशी मला खोली मिळाली, नापास होऊन. आज अंगावर खाकी वर्दी आहे, लोक उठून नमस्कार करतात, पण माझी गोष्ट सांगायची म्हटली की मला त्या ओट्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्याची मला लाज नाही, उलट अभिमान आहे.

ओट्यावरचे ते गृहस्थ म्हणजे आप्पा, मूळचे कळसाडीचे. घरची शेती भावाकडे सोडून सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले आणि जन्मभर लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधत राहिले. डॉक्टर आले, बदलून गेले, आप्पा तिथेच. त्या सगळ्या वर्षांत त्यांचा जीव जडला तो पायाच्या नखांवर. माणसं गोठ्यातल्या म्हशीचे खूर बघतात, स्वतःचा अंगठा सुजून टमाटा होईपर्यंत बघत नाहीत, हे त्यांचं दुःख होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओट्यावर एक बादली, एक मिठाची बरणी, कापसाचा पुडा आणि एक जाड नेलकटर मांडून ठेवला. गावानं त्यांचं नाव नखवाले आप्पा ठेवलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

माणसाच्या तोंडाकडे ते फार कमी बघत. "मानूसना तोंड खोटं बोली जास, पाय नई बोलस," असं त्यांचं म्हणणं. दाराबाहेर काढलेल्या चपलांवरून घरात कोण आलंय ते ओळखत, आणि लग्नात मांडवात न बसता चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसत. त्यांच्या बायकोला आम्ही जिजी म्हणायचो. जिजी म्हणायच्या, "ह्या मानूसनी मन्हं तोंड कव्हय देखं का नई, देव जाने. पाय मात्र पाठ शेतस त्याले." एकदा दोघं महादेवाच्या दर्शनाला तापीकाठच्या प्रकाशा गावी गेले. रांग मोठी होती. जिजी दर्शन घेऊन बाहेर आल्या तर आप्पा रांगेत नव्हतेच. तापीच्या घाटावर एका अनोळखी यात्रेकरूचा पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याला दटावत होते, की घरी जाऊन मिठाच्या पाण्यात पाय बुडव, नाही तर पुढच्या वर्षी देवाला यायला पाय राहणार नाही. जिजी नारळ घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. "तू देव देखा ना? मी पाय देखस," आप्पांनी उत्तर दिलं, आणि जिजींनी त्यावर बोलणं सोडून दिलं.

वरच्या दोन खोल्यांत आम्ही चार मुली राहायचो, चौघीही भरतीवाल्या. आप्पांचा नियम एकच होता. रविवारी सकाळी अंघोळ झाली की चौघींनी ओट्यावर ओळीनं बसायचं आणि पाय पुढे करायचे. आम्ही त्याला पाय-हजेरी म्हणायचो आणि मागे खूप हसायचो. आप्पा एकेका बोटाच्या कडेवरून आपला अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दर वेळी नापासच. "नख सरय काप. कोपराले हात नको लावू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

तोवर मला वाटायचं, नख कापायला काय अक्कल लागते? पण आम्ही सगळ्या एकच चूक करायचो. हाताच्या नखासारखं पायाचं नख गोल कापायचं, कोपरा टोचायला लागला की ब्लेडनं आणखी खोल खणायचा. त्या दिवशी बरं वाटतं. मग नख वाढतं आणि त्याची कापलेली टोकदार कड मांसात शिरते. वर घट्ट बूट आणि रोज सहा किलोमीटर धावणं. आप्पा सांगायचे, "कोपरा बाहेर दिसाले पायजे. तो मासमा दडना, का मंग सगय बोट बोंबलस."

पास हा शब्द मी आप्पांच्या तोंडून दोनदाच ऐकला. पहिला माझ्या वडिलांना मिळाला. मला भेटायला वडील डोंगरातून खाली आले होते. त्यांना पावरी सोडून धड दुसरी भाषा येत नाही, आप्पांना अहिराणी सोडून धड दुसरी येत नाही, दोघंही हिंदीची वाट लावत बोलत होते. चहा व्हायच्या आत आप्पांनी त्यांचे पाय मागितलेच. मी शरमेनं आत गेले. वडिलांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. न राहवून बाहेर डोकावले तर आप्पा मान हलवत होते. वडील नखं विळ्यानं कापतात, दगडावर बोट टेकवून, एका सरळ रेषेत. त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलेलं. "पास," आप्पा म्हणाले. मग मला बोलावलं. "आठे ये. हाई देख. तुन्हा बाप शाळामा गया नई, पन नख देख त्याना. आनं तू बारावी शिकीसन कोपरा खनस." वडिलांना सगळं कळलं नाही, पण कौतुक कळलं. गाडीत बसेपर्यंत ते हसत होते.

त्याच भेटीत वडिलांनी मला पुन्हा आठवण करून दिली, की एकच वर्ष. भरती झाली तर झाली, नाही तर दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. ते रागानं बोलले नव्हते. घरात माणसं कमी पडत होती, एवढंच. मला ते पटत होतं, आणि म्हणूनच मी घाबरले होते.

आता बुटांचं सांगते, कारण सगळं रामायण त्या बुटांनी केलं.

आमच्या अकॅडमीत पांढऱ्या रंगाचा, निळ्या पट्ट्याचा एक जोड होता. तो दुकानातून कुणी घेतला ते कुणालाच आठवत नव्हतं. त्या बुटांत धावून एक मुलगी भरती झाली. जाताना ती ते बूट दुसरीला देऊन गेली, तीही झाली. तिनं तिसरीला दिले, तीही झाली. मग त्यांना पायगुणाचे बूट असं नाव पडलं. जी भरती होईल तिनं पुढची निवडायची, असा रिवाज झाला. तिसरी मुलगी आमच्या शेजारच्या पाड्यावरची, आमच्या भागातली पहिली पोलीस. तिनं सगळ्या मुलींसमोर ते बूट माझ्या हातात ठेवले. मला रडू आलं. एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता.

बूट पाच नंबरचे होते. माझा पाय सहाचा.

लहानपणापासून मी अनवाणी डोंगर चढले-उतरले. माझा पाय पुढून रुंद आहे, बोटं मोकळी. गावात कुणाचंच लक्ष नव्हतं त्याकडे. शहाद्यात आल्यावर दुकानात चपलेचा पट्टा बसत नाही म्हणून दुकानदार हसला, तेव्हापासून मी पाय ओढणीखाली लपवायला शिकले होते. बूट घट्ट होते, तर मला बुटांचं नव्हे, माझ्या पायाचं चुकतंय असं वाटलं. मोजे काढून टाकले, लेस सैल केली, पाय कोंबला आणि धावत राहिले.

मैदानी चाचणीला अठरा दिवस राहिले असताना उजव्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसेनासा झाला. नखाच्या कडेला मांस लाल होऊन वर आलं होतं. मी आप्पांपासून लपवलं आणि ब्लेडनं पुन्हा कोपरा खणला. रविवार आला. हजेरीला मी म्हणाले, पोट दुखतंय. आप्पांनी जिन्याच्या खालूनच ऐकलं, की वरून खाली यायला माझं एक पाऊल उशिरा पडतंय.

"पोट दुखस तं पाय काब्र लंगडस?"

त्यांनी बघितलं आणि ओरडले नाहीत. मोटारसायकल काढली आणि मला दवाखान्यात घेऊन गेले. सगळा गाव त्यांना नखांचा डॉक्टर समजे, पण पू, ताप आणि साखर यांतलं काहीही दिसलं की आप्पा हात मागे घ्यायचे. साखरेच्या रोग्याच्या नखाला तर ते नेलकटरही लावायचे नाहीत, थेट डॉक्टरकडे न्यायचे. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, पू साचलेला नाही, नशीब. बधिर करून नखाची कड काढता येईल, पण मग काही दिवस धावणं बंद. मी डॉक्टरकडे बघायच्या ऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आठ दिन द्या माले, डाक्टरसाहेब," आप्पा म्हणाले. "नई उतरनं तं मीच लई येस तिले, तुम्हीन कड काढा."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वाढलं तर त्याच दिवशी यायचं, असं बजावलं.

ते आठ दिवस मी ओट्यावर काढले. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा. किती वेळ? जिजींच्या पाच भाकरी होईपर्यंत. आप्पा घड्याळ बघत नसत. आत तव्यावर पाचवी भाकरी पडली की म्हणायचे, "काढ." मग पाय कोरडा करायचा, बोटांच्या मधूनसुद्धा. मग ते कापसाची बारीक वात वळून नखाच्या कोपऱ्याखाली हळूच सरकवायचे, म्हणजे कड मांसातून उचलली जाऊन बाहेर वाढेल. वात रोज नवी. पहिल्या दिवशी मी ओठ चावून बसले होते. तिसऱ्या दिवशी ठणका कमी झाला. त्या सगळ्या वेळात आप्पा बोलत राहायचे, आणि एक दिवस आलेल्या पाहुण्यांना त्यांनी माझा पाय दाखवला.

"हाऊ देखा पाय. डोंगरना पाय शे. बोटं कशा मोकळा शेतस. आपला पाय चप्पलमा मरी गयात, हाऊ जित्ता शे."

पाहुणे कापसाच्या भावाबद्दल बोलायला आले होते. मी मात्र पाय मागे घेतला नाही. माझ्या रुंद पायाला कुणी चांगलं म्हटल्याची ती पहिलीच वेळ होती.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, उतरतंय, हळूहळू पळायला हरकत नाही, मोकळ्या बुटात. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पायगुणाचे बूट घालूनच मैदानावर गेले. काय करणार? सगळ्या मुली बघत होत्या. जिनं ते मला दिले तिचा फोन येत होता, की बूट घातलेस ना?

परत आले तर आप्पा ओट्यावर पेपर पसरून बसले होते. शेजारी ब्लेड. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे एकदा बघितलं. कापसाची वात चपटी झाली होती.

"बूट काढ. आठे ठेव."

मला वाटलं पुसायला मागतायत. त्यांनी उजवा बूट उचलला, अंगठा येतो तिथे पेन्सिलीनं अर्धगोल काढला आणि ब्लेड चालवलं. मग डावा. दोन कापडाचे तुकडे पेपरवर पडले. मग जे तोंडात आलं ते बोलले. तीन मुलींचं नशीब तुम्ही कापलंत, म्हणाले. माझा बाप मला तोडीला नेईल, तुमचं काय जातंय, असंही म्हणाले. आप्पांनी बुटातला धागा दातानं तोडला.

"त्या तिन्ही पोरीस्ना पाय पाच नंबरना व्हतात. तुन्हा सहा नंबरना शे. बस, इतलंच." बूट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आते रड. उद्या मैदानवर पय."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. अकॅडमीत मुलींनी बूट बघून तोंडावर हात ठेवले. एक म्हणाली, आता हे अपशकुनी झाले. पण दुसरे घ्यायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते सोडवतही नव्हते. मी तेच घालून धावले. दोन्ही अंगठे बाहेर, वारा लागत होता. पहिल्या फेरीत लाज वाटली. तिसऱ्या फेरीत माझ्या ध्यानात आलं, की मी अंगठ्याचा विचारच केला नाही. सरांनी घड्याळ बघितलं आणि मला पुन्हा धावायला लावलं, कारण त्यांना घड्याळ बिघडलं असं वाटलं.

नंदुरबारच्या मैदानावर माझा नंबर उशिरा लागला, माती तापली होती. तिथली एक महिला पोलीस माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "हे काय गं?"

"आमच्या आप्पांनी केलंय," मी म्हणाले. एवढं ताठ मानेनं मी त्या दिवसापर्यंत काही बोलले नव्हते.

आठशे मीटर. सगळ्यांच्या पुढे होते असं नाही, दोघी पुढे होत्या. पण मला हवी होती ती वेळ मी गाठली, पूर्ण गुणांची.

बाहेर आले तर फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आप्पा बसले होते. पहिल्या एसटीनं आले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत मीठ आणि कापूस. मी धावत गेले आणि सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"पाय दखाड. निकाल मंग सांग."

टपरीच्या बाकड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गर्दीत, मी पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "बरं शे," म्हणाले, आणि मगच चहा मागवला. पास म्हणाले नाहीत. लेखी परीक्षा झाली, यादी लागली, यादीत माझं नाव आलं, वडील पेढे घेऊन आले, तेव्हाही म्हणाले नाहीत. वर्षभर वाढून नख सरळ आलंय का ते बघून सांगतो म्हणाले.

बूट मी रिवाजाप्रमाणे पुढच्या मुलीला दिले. तीही झाली. झालं, पायगुण बुटातून उठून भोकात जाऊन बसला. ब्राह्मणपुरीची एक मुलगी कोऱ्या करकरीत बुटांचा जोड घेऊन आप्पांकडे आली, म्हणाली, याला भोकं पाडून द्या. आप्पांनी तिच्या पायात बूट घालून बघितले आणि वैतागले. "तिना घट्ट व्हतात म्हनीसन कापात. तुन्हा तं ढिला शेतस, कसाले कापू?" ती रडवेली झाली. शेवटी आप्पांनी तिचे पाय पाण्यात बुडवले, नखं सरळ कापून दिली आणि सांगितलं, की हेच माझं भोक. तिचंही काम झालं म्हणतात. मग रविवारी ओट्यावर अकॅडमीच्या मुलींची रांग लागायला लागली. उंटावरच्या शहाण्यांनी कितीही हसावं, त्या अकॅडमीत पुढे नखानं अडलेली मुलगी माझ्या ऐकण्यात नाही.

आप्पा आता नाहीत. पण मला त्यांची आठवण येते ती मैदानावरची नाही, त्यानंतरच्या एका दुपारची.

नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. बंदोबस्ताहून परत जाताना तशीच वर्दीत शहाद्याला उतरले. आप्पा खाटेवर बसले होते, ऐन उन्हाळ्यात पायांवर गोधडी. जिजींनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, की त्यांचे हात आता थरथरतात, नजरही अंधुक झाली आहे. सुरतेला असलेल्या त्यांच्या मुलानं चांगल्या दुकानात नेलं होतं नखं कापायला, तर खुर्चीतून उठून आले. जिजींनी एकदा कापली तर तिरपी म्हणाले. "वाकडं कापानापेक्षा वाढेल बरं," असं म्हणून पाय झाकून बसतात.

मी बादलीत कोमट पाणी घेतलं, मीठ घातलं आणि खाटेशी जमिनीवर बसले. काही न विचारता गोधडी बाजूला केली. आप्पांनी पाय आखडले.

"तू साहेब व्हयनी आते. उठ. वर्दी भिजी."

"आप्पा, पाय दाखवा," मी म्हणाले.

मग उजवा पाय त्यांनी आपणहून पाण्यात सोडला. आत जिजींनी न सांगता तवा ठेवला. पाचवी भाकरी पडली तसा मी पाय कोरडा केला, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि त्यांच्याच जाड नेलकटरनं एकेक नख सरळ कापत गेले. कोपऱ्याला हात लावला नाही. भरतीच्या मैदानावर मी पाऊलही इतकं सांभाळून टाकलं नव्हतं. एका माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे पाय मांडीवर घेतले आणि आपले आपणहून फक्त मला दिले, याचा मला तेव्हा जो अभिमान वाटला तो छातीवर नावाची पट्टी लागली त्या दिवशीही वाटला नव्हता.

दहाही नखं झाली. आप्पांनी एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि थरथरता अंगठा एकेका कडेवरून फिरवला, आधी उजवा पाय, मग डावा.

"पास," ते म्हणाले.

मी नेलकटर पुसून डबीत ठेवला आणि उठले. त्यांचा अंगठा डाव्या करंगळीवर परत गेला आणि तिथेच थांबला.

"करंगयी परत कर."

मी पुन्हा खाली बसले.